विश्लेषण : बाळाच्या इसबावर प्रोबायोटिकचे थेंब खरेच गुणकारी?

तीन-चार महिन्यांच्या बाळाचे गाल लाल आणि खरखरीत होतात, कधी त्यातून पाणी सुटते. बाळ रात्रभर डोके अंथरुणाला घासत राहते. घरातील मोठी माणसे ‘अंगातली उष्णता बाहेर पडतेय’ म्हणतात, शेजारीण आईला दूध-शेंगदाणे बंद करायला सांगते आणि मोबाइलवरची जाहिरात सांगते, की खरा बिघाड त्वचेत नाही, पोटात आहे. रोज पाच थेंब द्या. हे थेंब ‘प्रोबायोटिक’चे, म्हणजे उपयुक्त जिवाणूंचे असतात. ते स्वस्त नसतात आणि काही घरांत ते सुरू झाले की डॉक्टरांनी दिलेले मलम मागे पडते. गेल्या पाव शतकात या प्रश्नावर जगभर चाचण्या झाल्या आहेत. त्यांचे निष्कर्ष जाहिरातीइतके गोड नाहीत. पण सगळेच थोतांड आहे, असेही नाही.

इसबात नेमके काय बिघडते?

इसब, म्हणजेच डॉक्टरांच्या भाषेत ‘अॅटोपिक डर्मटायटिस’, हा बहुधा बालपणीच सुरू होणारा आजार. ज्यांना तो होतो, त्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांत तो पहिल्या वर्षातच दिसतो. तान्ह्या बाळात गाल, कपाळ, डोके आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूवर चट्टे येतात. लंगोटाखालची जागा सहसा सुटते. मूल मोठे होऊ लागले, की चट्टे कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत सरकतात. बऱ्याच मुलांत शाळेच्या वयापर्यंत त्रास कमी होतो. काहींना तो पुढेही सोडत नाही.

यात दोन गोष्टी एकाच वेळी बिघडलेल्या असतात. पहिली त्वचेची भिंत. त्वचेच्या वरच्या थरातील पेशी विटांसारख्या आणि त्यांच्यामधील स्निग्ध पदार्थ सिमेंटसारखा असतो. ‘फिलॅग्रिन’ नावाचे प्रथिन ही भिंत घट्ट ठेवते. हे प्रथिन तयार करणाऱ्या जनुकात दोष असेल तर इसबाचा धोका बराच वाढतो, हे २००६ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. भिंतीला फटी पडल्या की आतले पाणी बाहेर उडून जाते आणि बाहेरची धूळ, साबण, जंतू आत शिरतात. दुसरी गोष्ट म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणेचा अतिउत्साह. निरुपद्रवी गोष्टीलाही ती शत्रू समजते आणि दाह सुरू होतो. त्यातून खाज, खाजवल्याने आणखी फटी, आणि पुन्हा खाज, असे चक्र चालू राहते.

आई, वडील किंवा भावंडांपैकी कोणाला दमा, इसब, अॅलर्जीची सर्दी असेल तर बाळाला इसब होण्याची शक्यता जास्त असते. वैद्यकीय चाचण्यांत ‘जोखमीची बाळे’ म्हणतात ती हीच. पुढे या शब्दाला महत्त्व आहे.

त्वचेच्या आजाराचा आतड्याशी संबंध काय?

शरीरातील रोगप्रतिकारक पेशींचा मोठा हिस्सा आतड्याच्या भिंतीलगत असतो. नवजात बाळाची ही यंत्रणा अजून शिकत असते: कोणाशी लढायचे, कोणाला सोडून द्यायचे. जन्मताना या यंत्रणेचा कल अॅलर्जीकडे झुकणाऱ्या प्रतिसादाकडे असतो. नंतर आतड्यात वस्तीला येणारे जिवाणू तिला ताळ्यावर आणतात. दाह आवरणाऱ्या ‘नियामक’ पेशी तयार व्हायला मदत करतात. ही वस्ती कशी बसते हे जन्म योनीमार्गे झाला की सिझेरियनने, बाळ अंगावर पिते की बाटलीने, त्याला प्रतिजैविके दिली गेली का, अशा अनेक गोष्टींवर ठरते. आईच्या दुधात तर अशा काही शर्करा असतात ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या बाळासाठी नसून त्याच्या पोटातील ‘बायफिडो’ जिवाणूंसाठी असतात. निसर्गाने जिवाणूंचीही शिदोरी बांधून दिली आहे, म्हणा ना.

या विचाराला जुनी पार्श्वभूमी आहे. ब्रिटिश संशोधक डेव्हिड स्ट्रॅकन यांनी १९८९ मध्ये निरीक्षण मांडले, की मोठी भावंडे जास्त असलेल्या मुलांत अॅलर्जीची सर्दी आणि इसब कमी आढळतो. घरात मुले अधिक, तर जंतूंची देवाणघेवाण अधिक आणि रोगप्रतिकारक यंत्रणेला सराव अधिक, असा त्यांचा तर्क. मग प्रश्न आलाच: जंतूंची ही संगत थेंबांतून किंवा कॅप्सूलमधून देता येईल का?

फिनलंडमधील प्रयोगाने आशा का वाढवली?

हा प्रश्न तपासणारी सर्वांत गाजलेली चाचणी फिनलंडमधील तुर्कू शहरात झाली. २००१ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. कुटुंबात अॅलर्जीचा इतिहास असलेल्या गर्भवतींना प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी दोन ते चार आठवडे एका विशिष्ट जिवाणूच्या कॅप्सूल दिल्या गेल्या. प्रसूतीनंतर सहा महिने त्या स्तनदा मातांनी घेतल्या किंवा त्यातील भुकटी पाण्यात कालवून बाळाला चमच्याने दिली गेली. निम्म्या कुटुंबांना तशाच दिसणाऱ्या, पण जिवाणू नसलेल्या कॅप्सूल मिळाल्या. कोणाला काय मिळाले हे आयांनाही माहीत नव्हते आणि डॉक्टरांनाही.

दोन वर्षांनी १३२ मुले तपासली गेली. साध्या कॅप्सूलच्या गटातील ४६ टक्के मुलांना इसब झाला होता. जिवाणूंच्या गटातील २३ टक्के. म्हणजे प्रमाण थेट निम्मे. हा जिवाणू होता ‘लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी’, थोडक्यात एलजीजी. (जीजी ही तो शोधून वेगळा करणाऱ्या गॉर्बाक आणि गोल्डिन या अमेरिकी संशोधकांच्या आडनावांची आद्याक्षरे.) चौथ्या वर्षी आणि सातव्या वर्षी पुन्हा तपासणी झाली तेव्हाही इसबातील फरक टिकून होता. सातव्या वर्षापर्यंत एका गटात ४२.६ टक्के, तर दुसऱ्यात ६६.१ टक्के मुलांना कधी ना कधी इसब झाला होता. मात्र याच तपासणीत दमा आणि अॅलर्जीची सर्दी कमी झालेली दिसली नाही. उलट त्यांचा कल जिवाणूंच्या गटात किंचित वर होता. जाहिरातींत पहिला आकडा येतो, ही ओळ येत नाही.

मग जर्मनीत तेच का घडले नाही?

चांगल्या संशोधनाची कसोटी ही, की दुसऱ्याने केले तरी तेच उत्तर यायला हवे. जर्मनीतील फ्रायबर्ग येथे जवळपास त्याच पद्धतीने, त्याच एलजीजीने चाचणी झाली. २००८ मध्ये निष्कर्ष आले: जिवाणूंच्या गटात २८ टक्के बाळांना इसब, साध्या गटात २७.३ टक्के. फरक शून्य म्हणावा इतकाच. शिवाय वारंवार, म्हणजे पाच किंवा अधिक वेळा, छातीत घरघर होऊन खोकल्याने आजारी पडणारी मुले जिवाणूंच्या गटात २६ टक्के आणि दुसऱ्या गटात ९.१ टक्के निघाली. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वेगळा लॅक्टोबॅसिलस जन्मल्यापासून सहा महिने बाळांना दिला होता. तिथेही इसब कमी झाला नाही, अॅलर्जीकारक घटकांना प्रतिसाद देण्याचे प्रमाण मात्र वाढलेले आढळले. सॅन फ्रान्सिस्कोत १८४ बाळांना सहा महिने एलजीजी किंवा साधी भुकटी देऊन पाहिली. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या या निकालात दोन वर्षांच्या वयात इसबाचे प्रमाण होते २८.७ टक्के आणि ३०.९ टक्के. इथे गर्भवतींना काही दिले नव्हते, थेट बाळांपासून सुरुवात होती.

सर्वांत बोलका प्रयोग न्यूझीलंडचा. तिथे ४७४ बाळांचे तीन गट केले गेले. एका गटाला ‘एचएन००१’ नावाचा लॅक्टोबॅसिलस, दुसऱ्याला ‘एचएन०१९’ नावाचा बायफिडो जिवाणू, तिसऱ्याला काहीच परिणाम नसलेली भुकटी. आईला गर्भारपणाच्या ३५व्या आठवड्यापासून, आणि बाळाला थेट दोन वर्षांपर्यंत. एचएन००१ घेणाऱ्या गटात दोन वर्षांत इसबाचा धोका जवळपास निम्मा झाला. एचएन०१९च्या गटात काहीच फरक नाही. दोन्ही ‘चांगले’ जिवाणू, दोन्ही प्रोबायोटिक म्हणून विकले जाणारे, आणि तरी एक कामाचा, दुसरा या कामापुरता निरुपयोगी. पहिल्या गटातील फायदा मुले ११ वर्षांची झाल्यावरही दिसत होता. मग त्याच संशोधकांनी पुढच्या चाचणीत तोच एचएन००१ फक्त आईला दिला, बाळाला नाही. २०१८ मध्ये उत्तर आले: एकट्या आईने घेऊन बाळाचा इसब टळत नाही.

तांदळाचे उदाहरण घ्या. इंद्रायणी, कोलम, आंबेमोहर, सगळे तांदूळच. पण इंद्रायणीचा मऊ भात कोलमकडून मागता येत नाही. जिवाणूंचेही तसेच आहे. ‘लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस’ हे झाले पिकाचे नाव; त्यापुढचे अक्षर-अंक म्हणजे वाण. चाचणी वाणाची होते, पिकाची नाही.

सगळ्या चाचण्या एकत्र केल्या तर?

ब्रिटनच्या अन्न मानक यंत्रणेच्या निधीतून इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी गर्भारपणातील आणि तान्हेपणातील आहार व अॅलर्जी यांवरच्या ४०० हून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. गर्भारपणाच्या अखेरच्या आठवड्यांत आणि स्तनपानाच्या काळात प्रोबायोटिक घेतल्यास बाळाला इसब होण्याचा धोका सुमारे २२ टक्क्यांनी कमी होतो, असे त्यात दिसले. २२ टक्के ऐकायला मोठे वाटतात. प्रत्यक्षात त्याचा अर्थ हजार बाळांमागे ४४ जणांचा इसब टळतो. दुसऱ्या शब्दांत, साधारण २३ मातांनी काही महिने कॅप्सूल घ्याव्यात तेव्हा त्यांतील एका बाळाला फायदा. बाकीच्या २२ जणींच्या बाळांना इसब व्हायचा तर होतो, नसेल व्हायचा तर होत नाही. आणि आपण त्या २३ पैकी कोण, हे कोणालाच आधी सांगता येत नाही.

जागतिक अॅलर्जी संघटनेने २०१५ मध्ये जोखमीच्या बाळांसाठी, त्यांच्या गर्भवती व स्तनदा मातांसाठी प्रोबायोटिकचा विचार करावा, असे सुचवले. पण त्याच दमात ही शिफारस ‘सशर्त’ असून तिच्यामागचा पुरावा अत्यंत कमी दर्जाचा असल्याचेही नमूद केले. कोणता वाण, किती मात्रा, किती दिवस, हे तिने सांगितलेले नाही. युरोपातील अॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने तेवढेही पाऊल उचलले नाही. यावरून एवढे म्हणता येईल, की घरात दमा-इसबाचा ठळक इतिहास असेल आणि प्रसूतीला वेळ असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी हा विषय काढण्यात गैर काही नाही. नसेल, तर न घेतल्याची चुटपुट लावून घेण्याइतका पुरावा नाही.

इसब झाल्यावर थेंब दिले तर?

इथे उत्तर बरेच स्पष्ट आहे, आणि बहुतेक आई-वडील नेमके याच टप्प्यावर थेंब घ्यायला निघतात. वैद्यकीय पुरावा पारखून घेणाऱ्या ‘कोक्रेन’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१८ मध्ये ३९ चाचण्यांचा, २,५९९ रुग्णांचा आढावा घेतला. खाज आणि झोपमोड यांसारख्या, रुग्णाला किंवा पालकांना जाणवणाऱ्या त्रासात प्रोबायोटिकमुळे बहुधा काही फरक पडत नाही, असे त्यात आढळले. इसबाची तीव्रता ० ते १०३ अशा मापावर मोजली जाते. त्यात सरासरी जेमतेम चार गुणांची घट दिसली. रुग्णाला फरक जाणवायला साधारण नऊ गुणांची घट लागते. म्हणजे कागदावर सुधारणा, पाळण्यात नाही.

‘आमच्या बाळाला तर फरक पडला’, असे सांगणारे भेटतातच, आणि ते खोटे बोलत नसतात. इसब मुळात चढ-उतारांचा आजार. तो सर्वाधिक चिघळलेला असतो तेव्हाच माणूस नवा उपाय करतो. त्यानंतर तो थोडा उतरणारच असतो. श्रेय थेंबांना मिळते. साध्या भुकटीच्या गटातील मुलेही म्हणूनच सुधारलेली दिसतात.

घरचे दही चालणार नाही का?

सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही नको, हे आधी. त्यात दह्याचे बोटही आले आणि सहाणेवर उगाळलेली बाळगुटीही. त्यानंतर वरच्या अन्नात ताजे, गोड दही घालायला हरकत नसते. बाळाला गाईच्या दुधाची अॅलर्जी नसेल तर. पण ते अन्न म्हणून. घरच्या विरजणात कोणते जिवाणू, किती, हे दर घरी आणि दर ऋतूत बदलते. प्रोबायोटिकची जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेली व्याख्या आहे: पुरेशा प्रमाणात घेतल्यास आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव. ‘पुरेशा प्रमाणात’ आणि ‘लाभ’ हे दोन्ही सिद्ध व्हावे लागते. दही पौष्टिक आहे, पण त्या व्याख्येत आपोआप बसत नाही.

दही, साय, डाळीचे पीठ चट्ट्यांवर चोळण्याची पद्धत मात्र थांबवायला हवी. आंबट दही उघड्या त्वचेवर झोंबते, हा एक भाग. त्याहून गंभीर म्हणजे, अन्नातील प्रथिने तोंडावाटे पोटात गेली तर शरीर त्यांना ओळखीचे मानू लागते. तीच फाटक्या त्वचेतून शिरली तर शत्रू मानू शकते. जपानमध्ये गव्हाच्या प्रथिनाचा अंश असलेल्या चेहऱ्याच्या साबणामुळे दोन हजारांहून अधिक लोकांना गव्हाची अॅलर्जी जडल्याचे उघड झाले होते. ती सगळी माणसे त्याआधी पोळी-पाव बिनधास्त खात होती. बाळाच्या चिरलेल्या गालावर बेसन चोळताना हे लक्षात असावे.

थेंबांपासून धोका आहे का?

पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळात गंभीर दुष्परिणाम क्वचितच. ओडिशाच्या खेड्यांत ४,५०० हून अधिक नवजात बाळांना एक विशिष्ट लॅक्टोबॅसिलस आणि त्याचे खाद्य सात दिवस देऊन पाहिले गेले. २०१७ मध्ये ‘नेचर’ने छापलेल्या या चाचणीत जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. योग्य वाण योग्य कामासाठी वापरला तर काय होऊ शकते, याचे हे भारतातील उदाहरण. काम मात्र जंतुसंसर्ग टाळण्याचे होते, इसबाचे नव्हे.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे तसे नाही. त्यांच्या आतड्याची भिंत कच्ची असते आणि जिवंत जिवाणू रक्तात उतरू शकतात. एका अत्यंत कमी वजनाच्या बाळाच्या मृत्यूनंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये याबाबत रुग्णालयांना इशारा दिला. प्रतिकारशक्तीचा जन्मजात दोष असलेल्या बाळांनाही हे थेंब परस्पर देऊ नयेत. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: काही प्रोबायोटिक दुधाच्या माध्यमात वाढवतात, त्यात दुधाच्या प्रथिनांचा अंश उरतो. दुधाची अॅलर्जी असलेल्या बाळाला त्यामुळे त्रास होऊ शकतो.

बाटलीवर काय पाहायचे?

वाणाचे पूर्ण नाव, अक्षर-अंकांसह. ते नसेल तर पुढचे वाचण्याचे कारण उरत नाही. जुलाबासाठी मिळालेल्या ‘बॅसिलस क्लॉसी’च्या उरलेल्या कुप्या इसबासाठी द्यायचा मोह अनेकांना होतो. वर आलेल्या एकाही इसबाच्या चाचणीत हा जिवाणू नव्हता.

मग बाळासाठी करायचे काय?

कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत आंघोळ, साबण नावापुरता आणि सुगंधविरहित, अंग टिपून घ्यायचे आणि ओलसर असतानाच मॉइश्चरायझरचा जाड थर. दिवसातून दोनदा तरी, चट्टे नसतानाही. मोहरीच्या तेलाने आणि ऑलिव्ह तेलाने रगडून मालिश करणे इसबाच्या त्वचेला मानवत नाही. शेगडीची धुरी आणि लोकरीचे टोपरे टाळलेले बरे. (निरोगी बाळांना आधीपासून मॉइश्चरायझर लावून इसब टळतो का, हेही ब्रिटनमध्ये १,३९४ बाळांवर तपासले गेले. टळत नाही. झालेला इसब आवरण्यासाठीच ते लागते.)

दाह वाढला की सौम्य स्टिरॉइडचे मलम लागते, आणि सर्वांत मोठी भीती त्याचीच असते. डॉक्टरांनी सांगितलेल्या ताकदीचे मलम सांगितलेल्या दिवसांपुरते लावले तर ते सुरक्षित आहे. अर्धवट लावून सोडले की इसब उसळतो आणि एकूण मलम जास्त लागते. घातक आहे ते दुकानातून परस्पर आणलेले, तीव्र स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेले ‘सगळ्यावर एकच’ मलम. त्याने त्वचा पातळ होते.

आईने दूध, अंडी, शेंगदाणे बंद करण्याची गरज बहुतेक वेळा नसते. विशिष्ट पदार्थानंतर बाळाच्या अंगावर काही मिनिटांत गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा उलट्या झाल्या तर गोष्ट वेगळी. तेव्हा तपासणी हवी.

चट्ट्यांतून पू किंवा मधासारखा पिवळा पापुद्रा येऊ लागला, ताप आला, किंवा चट्ट्यांवर एकसारख्या बारीक पाणीदार पुळ्या झपाट्याने पसरू लागल्या, तर सकाळची वाट पाहू नये. शेवटचे लक्षण नागिणीच्या कुळातील विषाणूच्या संसर्गाचे असू शकते आणि त्यावर विषाणूविरोधी औषध त्याच दिवशी सुरू व्हावे लागते.